‘नॉर्मल’ म्हणजे किती पोळ्या? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेले काही महिने माझ्याकडे येणारी बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: खाण्याच्या विकारातून बरं होताना ‘नॉर्मल’ खायचं म्हणजे नेमकं काय? आपल्या इंदूरची सकाळ पोह्यांनी उजाडते आणि रात्र सराफ्याच्या खाऊगल्लीत सरते. अशा गावात जेवणाच्या ताटाला घाबरणारं माणूस आपल्याच घरात असू शकतं, हे लोकांना पटत नाही. ‘खायला काय कमी आहे?’ असं म्हणून विषय मिटवतात. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. मी आहारतज्ज्ञ आहे. औषधं आणि तपासण्या फिजिशियनच्या, मनाचे उपचार मनोविकारतज्ज्ञांचे. या आजारात आम्ही मिळूनच काम करतो, तेव्हा इथलं उत्तर त्यांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. अॅनोरेक्झियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारासाठी, पाच महिन्यांपासून उपचार चालू आहेत. आई दोन पोळ्या खाते, वहिनी तीन, मैत्रीण एकच. मग नॉर्मल म्हणजे किती?

आधी दुसऱ्यांच्या पोळ्या मोजणं थांबव. आकडा मी देणार नाही. आज मी ‘दोन’ लिहिलं, तर उद्यापासून तिसरी पोळी तुला गुन्हा वाटायला लागेल.

नॉर्मल खाणारं माणूस लग्नाच्या पंगतीत चार घास जास्त जेवतं आणि रात्री भूक मंद असली तर साधा वरणभात खातं. शिक्षा म्हणून नाही, भूकच तेवढी असते म्हणून. भाजी आवडली नाही तर लोणच्याशी पोळी खाऊन मोकळं होतं. कधी नुसती आवड म्हणून खातं. हात धुतल्यावर त्याच्या डोक्यात जेवण उरत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुला आज तिथे पोचायचं नाही. आज तुझ्या टीमने लिहून दिलेला मील प्लॅन पाळायचा आहे. झीज भरून काढणाऱ्या शरीराला पुष्कळदा आईपेक्षा, वहिनीपेक्षा जास्त लागतं, त्यामुळे त्यांच्या ताटाशी तुझी तुलना होतच नाही. प्लॅन कमी-जास्त वाटत असेल तर पुढच्या भेटीत बोल, स्वतः बदलू नकोस.

प्रश्न : रविवारी घरात सगळे पोहे-जिलबी खातात. जिलबी खाल्ली तर चालेल?

चालेल. पोह्यांवर शेव आणि जीरावण मसालाही घे.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. ‘शरीराचं ऐका, भूक लागली तरच खा’ असं एक वेलनेस कोच व्हिडिओत सांगतात. ती म्हणते, भूक नाही. मग आम्ही आग्रह करत नाही. हे बरोबर आहे ना?

नाही, बरोबर नाही. आणि याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या एका वाक्यामुळे मुलींचे महिनेच्या महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

ज्याचं शरीर खरं बोलतं त्याच्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेलं शरीर खरं बोलत नाही. अन्न कमी पडत राहिलं की जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे चार घासांतच पोट गच्च वाटतं, ते वाटणं कितीतरी वेळ टिकतं. तुमची मुलगी ‘भूक नाही’ म्हणते तेव्हा बहुधा खोटं बोलत नसते. तिला खरंच जाणवत नसेल. पण न जाणवणं म्हणजे गरज नसणं नव्हे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. ते सगळे स्वेच्छेने आलेले होते आणि कुणालाही खाण्याचा विकार नव्हता. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. हळूहळू त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरेना. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण लांबवत बसायला लागले, थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, माणसं नकोशी व्हायची. खायला पुन्हा भरपूर मिळालं तेव्हा काही जण पोट फुटेस्तोवर जेवले, तरी समाधान होईना. भूक आणि तृप्ती दोन्ही ताळ्यावर यायला काही महिने गेले. विकार नसलेल्या धडधाकट पुरुषांची ही गत, तर आजारी मुलीला ‘तुझ्या भुकेचं ऐक’ सांगून आपण तिला बिघडलेल्या काट्यावर तोलायला बसवतो.

म्हणून सुरुवातीला घड्याळ. साधारणपणे दिवसातून तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो, नसो. बिंज (ताबा सुटून एकदम खूप खाणं) आणि बुलिमिया (तसं खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकणं) यांच्या उपचारांतही पहिली पायरी हीच असते, कारण मोठा खंड पडला की पुढचं खाणं हाताबाहेर जातं. भूक नंतर परत येते. एखाद्या दिवशी सकाळी अकराला पोटात कावळे ओरडतात आणि मुलगी घाबरून मला फोन करते. मला त्या फोनचा फार आनंद होतो.

आग्रहाबद्दल. या वयाच्या मुलांसाठी कुटुंबाच्या पुढाकाराने चालणारी उपचारपद्धत लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात आकाराला आली. तिच्यात काय आणि किती वाढायचं हे काही काळ आईवडीलच ठरवतात. ताट तुम्ही वाढा, शेजारी बसून स्वतः जेवा, घासाघासाची घासाघीस करू नका, कॅलरीचा शब्द काढू नका. जेवणानंतर अर्धा तास तिच्यासोबत थांबा, पत्ते खेळा, काहीही करा. हे ओरडून, धमकावून होत नाही. कसं करायचं ते शिकायला मनोविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. सोबत तिची नाडी, रक्तदाब आणि रक्ताची तपासणी करून घ्या. बरेच दिवस अगदी कमी खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर वाढणंही धोक्याचं असतं. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : बहिणीने आठ दिवसांपासून नीट खायला सुरुवात केली. आता तिचे पाय सुजलेत, पोट फुगतं. खाणं सोसत नाही का?

पोट फुगणं अपेक्षित आहे, काही आठवड्यांत कमी होतं. पायांची सूज मात्र घरी बघत बसू नका, आज डॉक्टरांना दाखवा. फार दिवसांच्या उपासमारीनंतर खाणं सुरू झालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरू शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिले काही दिवस जास्त जोखमीचे असतात. सूज पुष्कळदा साधीही असते, पण ते रक्ताच्या तपासणीवरून ठरतं, शेजारच्या काकूंच्या अनुभवावरून नाही. धडधड, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, फार अशक्तपणा यांतलं काही दिसलं तर सरळ इमर्जन्सीत न्या. आणि खाणं आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : मला बुलिमिया होता, आता बरीच बरी आहे. आई म्हणते, हरतालिकेचा एकच तर दिवस, निर्जळी कर. करू?

नको. निर्जळी नाही, फराळावरही नाही, या वर्षी उपासच नाही. तुमच्या आजारात दिवसभराचा खंड म्हणजे रात्रीच्या बिंजला आमंत्रण, आणि त्यानंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर पाणी न पिणं हृदयासाठी घातक ठरू शकतं.

आईंना माझ्यातर्फे सांगा: आजारी माणसाला उपास नाही, हे आपल्याच घरांतल्या आज्या सांगत आल्या आहेत. वाळूची पिंड करा, पत्री वाहा, मैत्रिणींबरोबर जागरण करा आणि वेळेवर जेवा. साबुदाण्याच्या खिचडीशी माझं भांडण नाही. न जेवायला मिळणाऱ्या त्या सभ्य परवानगीशी आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास घरातली मुलगी एकाएकी एकामागून एक धरायला लागली तर कौतुक करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : खाणं वाढल्यावर वजन ‘बॅलन्स’ ठेवणारा एक हर्बल डिटॉक्स चहा मिळतो. नैसर्गिक आहे. घेऊ का?

घेऊ नका. अशा पुष्कळ चहांत सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध. ती मोठ्या आतड्यावर काम करते. अन्नातली ऊर्जा त्याआधी लहान आतड्यातच शोषली गेलेली असते. काटा खाली येतो तो गेलेल्या पाण्याने, आणि त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. ‘नैसर्गिक’ म्हणून ते कमी जात नाही. लठ्ठपणावरच्या औषधांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पाकिटावर ‘औषध’ न लिहिता ‘चहा’ का लिहितात, ते यावरून ओळखा. आजारातून उठणाऱ्या मुलींच्या भीतीवर हा धंदा चालतो, याची मला मनापासून चीड आहे. आधीपासून रोज घेत असाल तर मात्र एकदम सोडू नका. कसं कमी करायचं ते डॉक्टर सांगतील.

प्रश्न : हा आजार मुलांना होतो का? माझा भाऊ जिममध्ये जायला लागल्यापासून घरचं काही खात नाही.

होतो. दाखवा.

प्रश्न : मुलगी भंवरकुआंला नीटच्या क्लासला जाते. वजन बेताचं आहे, पण जेवत नाही, पाळी चार महिने नाही, एकदा चक्कर येऊन पडली. परीक्षा मेमध्ये आहे. त्यानंतर उपचार सुरू केले तर?

परीक्षेपर्यंत थांबू नका. चक्कर येऊन पडलेल्या मुलीचा ईसीजी आणि रक्ताची तपासणी उद्याच व्हायला हवी. वजन बेताचं आहे यावर विसंबू नका. झपाट्याने कमी झालेलं वजन, मुळात जास्त असलं तरी, तितकंच धोक्याचं असू शकतं. पाळी थांबली की हाडांची भर थांबते, आणि हेच हाडं भरायचं वय आहे. अभ्यासाचंच म्हणाल तर उपाशी मेंदूत धडा राहत नाही. ओळखीच्या डॉक्टरांची वेळ मिळत नसेल तर कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत न्या. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं. पुन्हा पडली तर फोन न करता थेट कॅज्युअल्टीत.

प्रश्न : गणपतीत सगळे नातेवाईक येतात. ‘काय तब्येत झालीय!’ असं आत्या म्हणाली की माझं त्या दिवसाचं जेवण संपतं. काय करू?

हे वाक्य आत्या प्रेमानेच म्हणते, आणि ते तुझ्या कानात कसं वाजतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पाहुणे येण्याआधीच आईने किंवा बाबांनी तिला फोन करावा: हिच्या अंगाबद्दल, ताटाबद्दल काही बोलू नकोस, ‘आलीस, बरं वाटलं’ एवढं पुरे. आरतीनंतर कुणाशेजारी बसून जेवायचं ते आधी ठरव. तरीही कुणी बोललंच, तर उठू नकोस, शेजारच्याला दुसरा विषय काढायला सांगून ठेव. जेवण बुडालं तर पुढचं ठरल्या वेळी घे, भरपाई नाही, उपास नाही. आणि ते वाक्य समुपदेशकांपुढे जसंच्या तसं सांग.

प्रश्न : वजनकाटा घरी ठेवावा का?

नको. वजन क्लिनिकमध्ये, काट्याकडे पाठ करून.