इतिहासात पीएचडी करायचीय, पण पैशाचं काय?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, इतिहासात एमए केलंय, सध्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षी पीएचडीला अर्ज केला, विषय दिला होता ‘राजर्षी शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य’. इंटरव्ह्यूत विचारलं, यात नवीन काय? मला काही बोलताच आलं नाही. घरचे म्हणतात वय गेलं आता, आणि एवढी वर्षं खर्च कोण करणार. आधी पैशाची सोय बघू की विषय? परदेशात जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वय गेलं हे आधी डोक्यातून काढ गं. जेआरएफला (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी संशोधन फेलोशिप) ३० ची अट आहे पण बायकांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते.

आणि आधी विषयच बघ. विषय पक्का असला की गाइड मिळतो, मग रजिस्ट्रेशन, आणि सारथी (मराठा-कुणबी), बार्टी (अनुसूचित जाती), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपला रजिस्ट्रेशन झालेलंच लागतं. म्हणजे पैशाची वाटसुद्धा विषयावरूनच जाते.

तुझा विषय वाईट नाही, फार मोठा आहे. त्यातलं एकच टोक धर. १९०१ ला कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांची वेगळी. आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा ठेवायचा हुकूम निघाला. मग बोर्डिंगात राहून शिकलेली पोरं त्या नोकऱ्यांत खरंच लागली का, कुठल्या खात्यात, किती पगारावर, आणि मिस क्लार्कमधली किती पोचली? असा प्रश्न घेऊन गेलीस तर बोलायला तुझ्याकडे भरपूर असेल.

कागद शोधायला कोल्हापूरचं पुरालेखागार तुला जवळ आहे. पण मोडी, म्हणजे त्या जुन्या कागदांची लिपी, शिकायलाच लागेल, त्याला पर्याय नाही. मोडीत आधी वरची रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत जातात, त्यामुळे सुरुवातीला कुठला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. मी पहिला कागद घेऊन बसले तेव्हा दोन तासांत चार ओळी लागल्या होत्या, पण महिन्याभरात हात बसला. रोज अर्धा तास दे.

आता पैसे. नेट जून आणि डिसेंबरला असते, जेआरएफ लागली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचे मार्क पीएचडी प्रवेशाला धरतात, ७० टक्के नेट आणि ३० टक्के इंटरव्ह्यू, म्हणून यावेळी इंटरव्ह्यूची तयारी सोडू नकोस. आयसीएचआरच्या (भारतीय इतिहास संशोधन परिषद) फेलोशिपकडेही लक्ष ठेव. फक्त एक सांगते, फेलोशिपचा पहिला हप्ता हातात पडायला कधीकधी महिनोन्‌महिने जातात, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत शिकवायचं काम सोडू नकोस.

परदेशाचं म्हणशील तर अमेरिकेत चांगल्या विद्यापीठांत इतिहासाच्या पीएचडीला फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, अर्ज साधारण डिसेंबरात असतात, जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी लागत नाही आणि अर्जाची फी माफ करा म्हणून ईमेल टाकता येतो. तिथे एमए मात्र बहुतेक स्वतःच्या पैशाने, त्या फंदात पडू नकोस. २०२५ पासून तिथल्या पीएचडीच्या जागाही कमी झाल्यात. इंग्लंडसाठी फेलिक्स स्कॉलरशिप बघ, ऑक्सफर्ड, सोआस (लंडन विद्यापीठातलं आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाचं कॉलेज) आणि रेडिंगला चालते. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपने मात्र २०२२ च्या नियमांत भारताच्या इतिहास-संस्कृतीवरचे विषय वगळले, हे मला फार लागलं, कारण ती योजनाच अनुसूचित जाती, भटके-विमुक्त अशा घरांतल्या पोरांसाठी आहे. तिथे अर्ज करणाऱ्यांनी चालू वर्षाचे नियम वाचूनच पुढे जावं.

तू आता एवढं कर, पुरालेखागारात दोन दिवस घालव, बोर्डिंगांचे कुठले कागद आहेत त्याची एक पानी टिपणं काढ आणि ती घेऊन गाइडला भेट.