काकांचा डायनाको एसटी-७० (व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर) गेली २५ वर्षं बंद आहे. लावून बघू का? आणि आतलं काय बदलावं, काय ठेवावं?

कृपा करून लावून बघू नका. निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की काकांनी तो अमेरिकेतून आणला आणि गेली २५ वर्षं तो पुण्यात कपाटावर पडून आहे. इतकी वर्षं पडलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला थेट वीज देणं म्हणजे त्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू पणाला लावणं. ती वस्तू व्हॉल्व्ह नव्हे, ट्रान्सफॉर्मर.

डेव्हिड हॅफलरच्या फिलाडेल्फियातल्या कंपनीने हा अ‍ॅम्प्लिफायर १९५९ मध्ये आणला. दर चॅनेलला ३५ वॅट, चार ईएल३४ (स्पीकरला ताकद देणारे आउटपुट व्हॉल्व्ह), दोन ७१९९ (त्यांना सिग्नल देणारे ड्रायव्हर व्हॉल्व्ह) आणि एक जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह). पुष्कळ लोकांनी तो किट म्हणून घेऊन घरीच जोडला. त्यामुळे आतली सोल्डरिंग कशी आहे, हे मूळ घेणाऱ्याचा हात कसा होता त्यावर ठरतं. झाकण काढलंत की आधी प्रत्येक सांधा भिंगातून बघा. हॅफलर आणि हर्बर्ट केरोस यांनी १९५१ मध्ये अल्ट्रालिनियर जोडणीवर, म्हणजे व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळणीत मध्येच जोडण्याच्या पद्धतीवर, लेख लिहिला होता. एसटी-७०चा आवाज त्याच विचारातून आलाय, आणि तो आवाज आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळणीत आहे. बाकी सगळं बदलता येतं.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. माझा एसटी-७० एका घराच्या अंगणातल्या विक्रीत मिळाला. तो चालू केला तेव्हा दहा मिनिटं छान वाजला. मग दिवा घालवून बसलो तर एका ईएल३४च्या प्लेटवर (काचेच्या आतल्या धातूच्या करड्या पत्र्यावर) शिवणीलगत लालभडक पट्टा दिसला, तापलेल्या सळईसारखा. धावत जाऊन प्लग काढला. ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर चटका बसला. कारण होतं बायसचं सेलेनियम रेक्टिफायर.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या संचातही तेच असणार. ईएल३४च्या ग्रिडला (आतल्या जाळीला) उणे व्होल्टेज दिलेलं असतं, तोच बायस, आणि त्यानेच व्हॉल्व्हचा करंट आवरला जातो. ते व्होल्टेज या जुन्या सेलेनियमच्या चकत्यांतून आणि दोन छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतून येतं. सेलेनियम म्हातारं झालं, कपॅसिटर सुकले, की उणे व्होल्टेज घटतं आणि व्हॉल्व्ह मोकाट सुटतो. म्हणून पहिलं काम हेच. सेलेनियम काढून १एन४००७ डायोड लावा आणि दोन्ही कपॅसिटर नवे घाला. इथे एक जागा फसवी आहे. पुरवठा उणे असल्यामुळे या कपॅसिटरची अधिक बाजू चॅसिसला जाते. सवयीने उलटी लावली तर कपॅसिटर फुटतो.

त्यानंतर ड्रायव्हरकडून ईएल३४च्या ग्रिडकडे सिग्नल नेणारे कपलिंग कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचे चार. ते गळू लागले की ड्रायव्हरचं अधिक व्होल्टेज ग्रिडवर उतरतं आणि पुन्हा तोच लाल पट्टा. ६३० व्होल्टचे साधे पॉलिप्रॉपिलीन पुरेत, महागड्यांच्या मागे लागू नका. मोठ्या डब्यातले चार कपॅसिटर ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरड आणि ५२५ व्होल्टचे आहेत. तसाच डबा नव्याने बनतो, तो मागवा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, डायोड, वायर सगळं मिळेल, पण ४५० व्होल्टचा कपॅसिटर 'चालतंय की' म्हणून कुणी दिला तर घेऊ नका.

आता वीज. हा संच अमेरिकेचा, म्हणून २३० वरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, ५०० व्हीएचा. लेबलवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर गाभा जास्त तापतो. म्हणून १२० नव्हे, ११० व्होल्टवर चालवा. फिलामेंटला त्याने काही होत नाही आणि ट्रान्सफॉर्मरला श्वास मिळतो.

पहिली वीज सगळे व्हॉल्व्ह काढून, १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डावरून, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाऊन मग संचात येईल अशी. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. मग ईएल३४च्या सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास दिसतंय का आणि बायसचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायची फिरकी) फिरवल्यावर हलतंय का, ते बघा. ते मिळाल्याशिवाय जीझेड३४ बसवायचा नाही. तो बसला की आत ४०० च्या वर डीसी असतं. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते उरतं, म्हणून हात घालण्याआधी रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरने शून्य बघा. एक हात खिशात ठेवून काम करायची सवय आजच लावा.

बदल कुठले करावेत? माझ्या मते एकच मनापासून करण्यासारखा आहे. मुळात दोन व्हॉल्व्हना मिळून एक बायस पॉट आहे आणि १५.६ ओहमचा सामाईक रेझिस्टर, ज्यावर १.५६ व्होल्ट ठेवायचे, म्हणजे जोडीला १०० मिलिअँपिअर. जोडीतला एक ८० ओढत असेल आणि दुसरा २०, तरी मीटर खूश. त्याऐवजी प्रत्येक व्हॉल्व्हला १० ओहमचा वेगळा रेझिस्टर आणि वेगळा पॉट द्या. मी ०.४ व्होल्ट ठेवतो, म्हणजे ४० मिलिअँपिअर. कानाला फरक कळत नाही, व्हॉल्व्ह मात्र जास्त टिकतात.

जीझेड३४ काढून सिलिकॉन डायोड लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. डायोड क्षणात चालू होतात, ईएल३४ अजून थंड असतात आणि व्होल्टेज ५०० च्या वर उडी मारतं. ७१९९ आता दुर्मीळ आहेत म्हणून लोक ड्रायव्हरचा अख्खा बोर्ड बदलतात. तुमचे चांगले निघाले तर राहू द्या. काकांनी तोच आवाज ऐकलाय.

स्पीकर जोडल्याशिवाय मात्र कधीही सिग्नल देऊ नका. पहिल्या दिवशी जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा. पंधरा मिनिटांनी बायस पुन्हा मोजा, तासाभराने पुन्हा. मग खोलीतला दिवा घालवून चारही प्लेट्स नीट बघा. त्या करड्या दिसल्या पाहिजेत.