आधी मोजणी, मग माणसे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सगळे पक्ष एकाच सुरात बोलतात, जो पक्ष मनापासून पटतो तो निवडून येण्याची शक्यता नाही, आणि दगडापेक्षा वीट मऊ म्हणून दुसऱ्याला मत द्यावे तर ती स्वतःशी केलेली लबाडी वाटते, असे तू लिहिले आहेस. लोकशाहीवर तुझी श्रद्धा आहे हे मी गृहीत धरतो, त्यामुळे मतदानाचे महत्त्व सांगत बसत नाही. मला खटकले ते वेगळेच. नेत्यांचे ढोंग, पक्षांचा भित्रेपणा, लोकांचा विसरभोळेपणा यांवर तू भरभरून लिहिलेस. मते मोजतात कशी, यावर एक ओळही नाही. आधी मोजणीचा नियम पाहावा, मग माणसांना नावे ठेवावीत.

एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, हा नियम घे. खरी स्पर्धा दोनच पक्षांत असेल, मतदारांची मते एकाच रेषेवर मांडता येत असतील आणि टोकाचे मतदार नाइलाजाने का होईना पण जवळच्या पक्षालाच मत देणार असतील, तर दोन्ही पक्ष मध्याकडे सरकतात; अँथनी डाउन्स या अभ्यासकाने १९५७ मध्ये हे तर्कशुद्ध रीतीने मांडले. तुला जो भित्रेपणा दिसतो तो बऱ्याचदा निव्वळ हा हिशेब असतो. यातली एखादी अट मोडली, म्हणजे टोकाचा मतदार रागावून घरी बसू लागला किंवा बाजूला तिसरा पक्ष उभा राहिला, की तोच सावध पक्ष मध्य सोडून धावू लागतो.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. २०१५ च्या निवडणुकीत यूकिप या, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे म्हणणाऱ्या पक्षाला सुमारे ३९ लाख मते आणि १ जागा मिळाली. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांच्या आसपास मते आणि ५६ जागा मिळाल्या, कारण एकाची मते देशभर विखुरलेली होती आणि दुसऱ्याची एका प्रदेशात एकवटलेली. यूकिपची मते वाया गेली असे तू म्हणशील. जागांच्या हिशेबात गेलीच. पण हा पक्ष आपली मते खाईल या धास्तीचाही वाटा असल्यामुळेच सत्ताधारी हुजूर पक्षाच्या नेत्याने २०१३ मध्ये युरोपीय संघाबाबत सार्वमताचे वचन दिले होते. एक खासदार निवडून आणताना ज्याची दमछाक झाली, त्या पक्षाने देशाचा प्रश्नच बदलला. मला त्याची भूमिका पटत नाही, तरी हा धडा मी विसरत नाही.

आता मोजणी बदल. नेदरलँड्समध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या १५० जागांसाठी अख्खा देश जवळपास एकच मतदारसंघ धरतात, त्यामुळे पाऊण टक्क्याहून कमी मतांवरही जागा मिळते. तिथे मध्यावर गर्दी करण्यात पक्षांचा फायदा नाही. आपले वेगळेपण ठसवण्यात आहे. मात्र निकालानंतर सरकार बनवायला महिनोन्‌महिने वाटाघाटी चालतात. तडजोड तिथेही टळत नाही, फक्त मतदानाआधी होणारी तडजोड मतदानानंतर होते. आणि ‘प्रमाणशीर’, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, या पाटीवर भाळू नकोस. तुर्कस्तानातही पद्धत प्रमाणशीरच होती, पण देशभरात १० टक्के मते न मिळवणाऱ्या पक्षाला जागाच नाही, या उंबरठ्यामुळे २००२ मध्ये सुमारे ३४ टक्के मतांवर एका पक्षाला संसदेच्या जवळपास दोन तृतीयांश जागा मिळाल्या आणि ४५ टक्क्यांच्या आसपास मतांना प्रतिनिधित्वच उरले नाही. म्हणून सांगतो, मोजणी पाहा. तिचे नाव पाहू नकोस.

या हट्टापायी मला सहकाऱ्यांनी कोरडा म्हटले. ध्येयधोरणांच्या बैठकीत हा टक्केवारी काढतो, अशी तक्रार असे. त्या वादांत दोन-तीन मैत्र्या तुटल्या, त्याचे वाईट आजही वाटते. मुद्दा मात्र सोडला नाही, आणि तेच बरोबर होते. कारण प्रत्येक निकालानंतर हीच मंडळी मतदारांना मूर्ख ठरवून मोकळी होत, आणि पुढच्या खेपेस त्याच नियमाखाली तोच जाहीरनामा घेऊन उभी राहत.

तुझ्या लबाडीच्या शंकेकडे येतो. फ्रान्समध्ये २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीला १६ उमेदवार होते; त्यांतले पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जाणार होते. समाजवादी जोस्पँ दुसऱ्या फेरीत असणारच, असे धरून डाव्या मतदारांनी आपापल्या आवडीच्या छोट्या उमेदवारांना मते दिली. जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते पडली, कट्टर उजव्या ल पेन यांना १६.८६, आणि दुसऱ्या फेरीत डाव्यांना उजव्या पक्षाच्या शिराक यांच्यासाठी रांगेत उभे राहावे लागले. त्या मतदारांच्या प्रामाणिकपणाला मी नावे ठेवणार नाही, पण दोन फेऱ्यांच्या नियमात गाळणी पहिल्याच फेरीत होते, हे ते विसरले. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी पसंतीक्रमाने मतदान होते; तिथे पहिली पसंती मनातल्या पक्षाला दिली आणि तो बाद झाला, तरी मत पुढच्या पसंतीकडे जाते, आणि तुझी ही सगळी घालमेल तिथल्या मतदाराला फारशी करावी लागत नाही. जी घालमेल नियम बदलताच नाहीशी होते, तिला तू स्वतःच्या चारित्र्याचा दोष का समजतेस?

कोणालाच मत न देण्याबद्दल तू शेवटी विचारले आहेस. जिथे सर्वांत जास्त मतांचा उमेदवार जिंकतो, तिथे कोऱ्या मताने निकाल हलत नाही. पक्षाला त्यातून नाराजी कळते, पण कोणत्या बाजूला सरकायचे ते कळत नाही. हरणाऱ्या छोट्या पक्षाला दिलेल्या मतातून ते कळते. लढत एकतर्फी असेल तर मनातल्या पक्षाला खुशाल मत दे. अटीतटीची असेल तर पहिल्या दोघांतून निवड, आणि आवडत्या पक्षाचे काम वर्षभर कर. तुझ्या मतदारसंघात यातले काय आहे, हे पत्रावरून मला कळत नाही. मागच्या तीन निवडणुकांत पहिल्या तिघांना किती मते पडली ते लिहून पाठव, मग पुढचे बोलू.