वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा ठिपका आणि थिएटरचे कागद

प्रश्न : आमच्या गावातील चित्रपटगृह बंद होऊन बरीच वर्षे झाली. लहानपणी तेथे चित्रपट पाहताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मधूनच एक गोल ठिपका चमकून जाई, आणि कधी कधी रंगात आलेला प्रसंग काळवंडून थोड्या वेळाने पुन्हा उजळे. मित्र म्हणतात की हा माझा भास असावा. शिवाय मला या थिएटरचा इतिहास लिहायचा आहे. वडीलधारी मंडळी ते स्वातंत्र्याच्या आसपास सुरू झाल्याचे सांगतात, पण मालकांच्या घरी एकही कागद उरलेला नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्याला भास झालेला नाही. २,००० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम २२ मिनिटे चाले. अडीच तासांच्या चित्रपटाला अशी सातेक रिळे लागत आणि मध्ये खंड पडू नये म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी उभे असत. रीळ संपण्यापूर्वी सुमारे आठ सेकंद पहिला ठिपका येई व तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. अगदी अखेरीस दुसरा ठिपका येई आणि त्यासरशी एका यंत्राचा प्रकाश झाकून दुसऱ्याचा उघडला जाई. प्रत्येक ठिपका चारच चौकटींपुरता असे, त्यामुळे आपल्या मित्रांच्या नजरेतून तो सुटला यात नवल नाही.

काळवंडण्याचे कारण म्हणजे कार्बन. झेनॉनचे दिवे येण्यापूर्वी दोन कार्बनकांड्यांच्या टोकांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीवर पडदा उजळे. कांड्या जळत गेल्या की त्यांतील अंतर वाढून प्रकाश मंदावे, आणि त्या वेळेवर पुन्हा जवळ आणल्या नाहीत, तर नायिकेच्या भरदुपारच्या गाण्यावर संध्याकाळ उतरे. मग पिटातून शिट्ट्या सुरू झाल्या की वर केबिनमध्ये हात हालत.

आता कागदांविषयी. चित्रपटगृहाचा परवाना १९५३ च्या राज्य कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी देत असत, आणि तिकिटांवरील करमणूक कर १९२३ च्या कायद्यापासून २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होता. म्हणून मालकांकडे काही नसले, तरी जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याची किंवा कराची नस्ती असण्याची शक्यता आहे. मात्र येथे बहुतेकजण चुकतात : १९६० पर्यंत आपल्या सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते आणि तो जिल्हा १९४९ मध्ये झाला, त्याआधी तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. थिएटर खरोखरच त्या काळातील असेल, तर सर्वांत जुना कागद सांगलीत शोधून सापडणार नाही, साताऱ्यात विचारावे लागेल.

अमुक चित्रपट आमच्याकडे पंचवीस आठवडे चालला, असे छातीठोकपणे सांगणारे आपल्याला भेटतील. ते लिहून घ्यावे, पण कराच्या हिशेबाशी ताडून पाहिल्याखेरीज छापू नये.

जुने ऑपरेटर हयात असतील, तर कार्यालयात जाण्याआधी त्यांना गाठावे. चित्रपटांची नावे विचारण्याऐवजी फिल्मच्या पेट्या कोठून येत, कार्बन कोठून आणत आणि दुसरा ठिपका चुकला की काय होई, हे विचारावे.