शहाळं ग्लासात ओतून प्या

प्रश्न : मी लेस्टरला राहते, वय ६१. खालच्या दोन दाढा गेल्या वर्षी काढल्या. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, इम्प्लांट सहसा मिळत नाही आणि खासगी दर ऐकून धडकी भरते. डिसेंबरात आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी गोव्यात येतोय. माझे दोन इम्प्लांट, यजमानांच्या तीन कॅप, शिवाय दूधसागर आणि हंपी, एवढं एका फेरीत जमेल का? शेजारीण म्हणते, बुडापेस्टला जा. मला मधुमेह, रक्तदाब काही नाही. हाडं ठिसूळ झालीत म्हणून आठवड्याला एक गोळी घेते, एवढंच.

उत्तर : ताई, तुम्ही ‘एवढंच’ लिहिलंत, पण मी तिथेच अडखळले. ही गोळी बहुधा अलेंड्रोनेट असेल. ती घेणाऱ्यांमध्ये जबड्याच्या हाडाला जखम झाली, तर क्वचित ती भरत नाही, हाड उघडं पडतं. असं फार कमी जणांना होतं, पण झालं तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं. गोळी किती वर्षं चालू आहे, याला महत्त्व आहे. मनाने बंद करू नका. तिकडच्या डॉक्टरांशी बोला आणि गोळीचं नाव, वर्षं इथल्या दंतवैद्यांना आधी कळवा. विमानाचं तिकीट त्यानंतर.

आता वेळेचं. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात रुजावा लागतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तंत्र तेव्हापासून खूप सुधारलं, तरी खालच्या जबड्यात साधारण तीन महिने धरावेच लागतात. म्हणजे डिसेंबरात स्क्रू आणि पुढच्या फेरीत दात. तीन आठवड्यांत चावायला पक्की दाढ देतो असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या कुणाचं मत घ्या. यजमानांच्या कॅप मात्र मुळं ठीक असतील तर आठ-दहा दिवसांत होतात.

पण त्या निघायच्या आदल्या दिवशी बसवून घेऊ नका. म्हापशात माझा दवाखाना होता तेव्हा मस्कतच्या एका गृहस्थांना मी परतीच्या आदल्या रात्री ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकणारा कृत्रिम दात, बसवून दिला. तो किंचित उंच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “डॉक्टर, भातसुद्धा चावता येत नाही.” दोन मिनिटांच्या घासकामाचा प्रश्न होता, आणि मी इथे, ते तिथे. त्या फोनची मला आजही खंत वाटते. पुढे मी शेवटचे चार दिवस नेहमी मोकळे ठेवले.

तुमचंही तसंच आखा. आल्या आल्या तपासणी आणि स्कॅन, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया. मग टाके निघेपर्यंत, आठ-दहा दिवस, पणजीतच राहा. फोंतेन्यांत फिरा, फेरीबोटीने दिवाडीला जा, जुन्या गोव्याची चर्चेस पाहा. समुद्रात पोहणं नको, दूधसागरच्या जीपचे हादरेही नकोत. ते आणि हंपी टाके निघाल्यावर.

खाण्यात कोमट पेज उत्तम. शहाळं जरूर घ्या, पण स्ट्रॉने नाही. ओढून पिताना जखमेवरची गुठळी सुटू शकते, म्हणून ग्लासात ओतून प्या. गोळ्यांत मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर दारूचा थेंबही नको, फेणीचासुद्धा.

शेजारणीचं म्हणणं चुकीचं नाही. लंडनहून बुडापेस्ट अडीच तासांवर आहे, काही बिनसलं तर परत जाणं सोपं. तुम्ही दर वर्षी भारतात येतच असाल तर गोवा सोयीचा. एरवी मीही बुडापेस्टच म्हणेन. तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर वेगळा मेडिकल व्हिसा लागत नाही. प्रवास विमा मात्र ठरवून घेतलेल्या उपचारांतली गुंतागुंत बहुतेक वेळा भरून देत नाही, तेवढं विचारून घ्या.

इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. तो मागून घ्या, एक्स-रेसोबत. पाच वर्षांनी स्क्रू सैल झाला तर लेस्टरच्या डेंटिस्टला कुठला पाना लावायचा हे त्यावरूनच कळेल.