चारात एक

“डॉक्टर सांगतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं, पण घरच्यांना सांगायला बसलं की काहीच सांगता येत नाही. परत आत जाऊन विचारलं तर रागावतील का?”

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशनात हा प्रश्न मला सतत येतो. विचाराच, असं मी सांगते. न विचारल्यानं काय होतं, ते एका कुटुंबानं मला दाखवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवरा नागपूरच्या कळमना मार्केटात हमाल, ती घरी शिवणकाम करते, राहायला पारडीला. मुलगा तीन वर्षांचा, एसएस, म्हणजे रुग्ण. आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला त्रास नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रिपोर्ट मीच समजावून सांगितला होता. ती परत आली तेव्हा दुसऱ्या गरोदरपणाचा नववा आठवडा चालू होता. सोबत सासूबाई.

“आता टेन्शन नाही मॅडम. तुम्हीच तर म्हटलं होतं, चारातल्या एकाला होते. तो एक आमचा झाला. आता पुढचे तीन चांगले.”

माझ्या पोटात गोळा आला. ‘चारपैकी एक’ हे शब्द माझेच. बाहेर रांग होती, मी ‘कळलं का?’ विचारलं, तिनं मान हलवली आणि मी पुढचा नंबर बोलावला. तिचं काय चुकलं? चारपैकी एक म्हटल्यावर माणूस चार लेकरंच डोळ्यांसमोर आणणार.

पर्समधून रुपयाची दोन नाणी काढली. एक तिच्या हातात दिलं, दुसरं सासूबाईंच्या. “आजी, लेकाच्या वतीनं तुम्ही उडवा. छापा म्हणजे सिकलचा गुण, काटा म्हणजे चांगला. दोन्ही छापे पडले तर बाळ एसएस.”

पहिल्यांदा छापा-काटा. “हे बाळ तुमच्यासारखं, एएस.” दुसऱ्यांदा दोन्ही छापे. तिसऱ्यांदा परत दोन्ही छापे. सासूबाईंनी नाणं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.

“बाप्पा! लागोपाठ दोनदा?” मग थांबून स्वतःच म्हणाल्या, “त्या पैशाला काय मालूम, मागच्या खेपेला काय पडलं होतं?”

माझ्या सगळ्या तक्त्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या वाक्यानं झालं. दर गरोदरपणात तोच हिशेब नव्याने: २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के सिकलचा गुणच नसलेल्या बाळाची.

मग तपासणीचं बोललो. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का, ते कळू शकतं. करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. सासूबाई एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या, “पोटातल्या लेकराची तपासणी कायद्यानं बंद आहे ना?” बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे पाहण्या-सांगण्यावर. १९९४ च्या त्याच कायद्यात सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची मुभा आहे. त्यांनी विचारलं नसतं तर ही भीती मनात तशीच घरी गेली असती.

या वेळी ‘कळलं का?’ विचारलं नाही. “घरी मिस्टरांना काय सांगाल?” असं विचारलं. तिनं नाण्यांचं बरोबर सांगितलं, पण पुढे म्हणाली, “तीन महिने भरले की यायचं.” म्हणजे आठवडे निसटलेच होते, तोवर मुदत संपत आली असती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना गोल केला, तिनं मोबाइलमध्ये फोटो काढला.

‘भरपूर पाणी पाजा’ हेही मी आता नुसतं सांगत नाही. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की या मुलांची हाडं दुखायला लागतात. म्हणून घरात भांडं कोणतं, तो तांब्या दिवसातून किती वेळा भरायचा, हे आईकडूनच वदवून घेते.

दवाखान्यात तुम्हीही एवढंच म्हणा, “डॉक्टर, मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा.” एखादे डॉक्टर घाईत असतील, वैतागतीलही. तरी म्हणा. ते जमलं नाही तर नर्सताईंना किंवा समुपदेशकाला गाठा. नीट समजावणं हे आमचं काम आहे, तुमच्यावर उपकार नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवरा काम सोडून आला. आईनं त्याला स्वयंपाकघरात नाणी उडवून दाखवली होती. तपासणीचं त्यांचं ठरलं होतं. जाता जाता दारात थांबला. “मॅडम, लहान भावासाठी पोरगी पाहून राहिलो. त्याचं रक्त कधी आणू तपासायला?”