‘लैंगिक शिक्षण’ की ‘जीवनशिक्षण’?

नाशिकच्या सातपूर या कारखान्यांच्या वसाहतीतील एका माध्यमिक शाळेतील शिक्षिकांनी विचारले आहे : आठवी-नववीसाठी शाळेत लैंगिक शिक्षणाच्या तासिका सुरू करायच्या आहेत. पालकसभेच्या सूचनेत तसे लिहिताच काही पालकांना तो शब्दच खटकला. आता ‘जीवनशिक्षण’ किंवा ‘किशोरावस्था मार्गदर्शन’ असे लिहावे, अशी सूचना आली आहे. मराठीत याहून सोज्वळ शब्द आहे का? आणि वर्गात शरीराविषयी बोलताना कोणते शब्द वापरावेत?

मॅडम, तुमचा शब्द बरोबर आहे. तो बदलू नका.

‘लिंग’ म्हणजे मुळात खूण, चिन्ह. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचे लिंग, कारण धुरावरून अग्नी ओळखता येतो. व्याकरणातले पुल्लिंग-स्त्रीलिंग त्याच अर्थाने आले आणि ‘लिंग ओळखा’ हा प्रश्न मुले प्राथमिक शाळेपासून सोडवतात. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाणारे अख्खे नाशिक ‘ज्योतिर्लिंग’ म्हणताना अडखळत नाही. या शब्दाला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते : नीतीचे नैतिक, शरीराचे शारीरिक, तसे लिंगाचे लैंगिक. ‘शारीरिक शिक्षण’ तुमच्या वेळापत्रकात आहेच. ‘लैंगिक शिक्षण’ त्याच घडणीचे आहे. शिवाय दहावीच्या विज्ञानात लैंगिक आणि अलैंगिक प्रजनन शिकवले जाते. जो शब्द बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत चालतो, तो सूचनाफलकावर का चालू नये?

पर्यायांचे पाहू. ‘कामशिक्षण’ संस्कृतात शोभले असते. पण मराठीत इच्छा या अर्थाचा ‘काम’ पोथीपुराणात राहिला आणि ‘कर्म’पासून आलेले ‘काम’ रोजच्या बोलण्यात रुळले. सातपुरात त्या नावाचा फलक लागला तर लोक कारखान्यातले प्रशिक्षण समजतील. ‘जीवनशिक्षण’ हे नाव तर आधीच वापरात आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी जुन्या शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे लिहिलेले असते. त्यात पोहण्यापासून बँकेत खाते उघडण्यापर्यंत काहीही बसेल.

‘किशोरावस्था मार्गदर्शन’ या नावावर मात्र थांबायला हवे, कारण तो प्रयोग होऊन गेला आहे. २००५ मध्ये केंद्राचे मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी शाळांसाठी जो कार्यक्रम आणला, त्याचे नाव ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम’ असेच होते. नावात लैंगिकतेचा उच्चारही नव्हता. तरीही २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याला विरोध झाला आणि आपल्या राज्यात तो थांबवला गेला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असा अहवाल दिला. सोज्वळ नावाने त्या कार्यक्रमाला वाचवले नाही. उलट, लपवून काहीतरी आणले जात आहे, असा संशय घ्यायला जागा राहिली.

मराठीत हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. संडासचे शौचालय झाले, शौचालयाचे स्वच्छतागृह, मग प्रसाधनगृह. प्रत्येक नवा शब्द थोडे दिवस स्वच्छ राहतो. १९७७ मध्ये, आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीनंतर, सरकारने ‘कुटुंबनियोजन’ खात्याचे ‘कुटुंबकल्याण’ केले. गावागावांत बाया मात्र ‘ऑपरेशन झालं’ असेच म्हणत राहिल्या. संकोच विषयाचा असतो, तो नवा शब्द घडवून जात नाही. आमच्या जिल्ह्यातल्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक, महापौर यांसारखे शब्द रूढ केले. पण तारखेची कुणाला लाज वाटत नव्हती.

संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक लैंगिक शंका विचारायचे आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरे द्यायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला, पण उत्तरे थांबली नाहीत. आज कुठल्याही शिक्षकाला त्यांच्याइतका एकटेपणा सोसावा लागणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे, की हे शिक्षण नववीपासून नव्हे, त्याहून लहान वयात सुरू व्हायला हवे. पालकांना हे जरूर सांगा.

आता दुसरा प्रश्न. तो मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण पाटीवरचा शब्द एकदा वाचला जातो आणि वर्गातला शब्द मूल घरी घेऊन जाते.

‘मासिक पाळी’ हा उत्तम शब्द आहे. पाळी म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारी वेळ. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी आणि रात्रपाळी असते, कालव्याच्या पाण्याची शेजपाळी असते. त्या शब्दात ना लाज आहे ना दोष. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची’, ‘अडचण’ हे शब्द मुली घरून आणतील. ‘प्रॉब्लेम आला’ म्हणणाऱ्या मुलीही तीच ‘अडचण’ इंग्रजीतून सांगत असतात. त्यांना टोकू नका, पण तुमच्या तोंडी कायम पाळीच असू द्या. ‘विटाळ’ मात्र स्पष्टपणे बाजूला काढा, कारण तो घटनेचे नाव सांगत नाही, मुलीला अपवित्र ठरवतो. सुरगाण्याकडून आलेल्या मुलीच्या घरी कोकणा बोली असेल, सटाण्याकडच्या मुलीच्या घरी अहिराणी. त्यांचे घरचे शब्द आधी ऐकून घ्या, मग प्रमाण शब्द द्या.

मुलांच्या बाबतीत आपली भाषा आणखी निष्ठुर आहे. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होणे ही निरोगी शरीराची गोष्ट. तिला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो, आणि हस्तमैथुनाला जुने लोक ‘हस्तदोष’ म्हणत. नावातच दोष आहे म्हटल्यावर मुलगा तो दोष घालवायला औषध शोधणार, आणि ‘गुप्तरोग, कमजोरी’ अशा जाहिराती भिंतीभिंतींवर त्याची वाट पाहत असतात. ‘धातू’, म्हणजे वीर्य, जातो या भीतीने पुरुष इतके खंगतात, की मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असे नावच दिले. ‘झोपेत वीर्य बाहेर येते’ एवढे सरळ वाक्य वर्गात म्हटले तरी एखाद्या मुलाची कित्येक महिन्यांची झोप परत येईल. ‘स्वप्नदोष’ हा शब्द वर्गात अजिबात वापरू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडीही बदलावी. डॉक्टरांनी टोचलेली सुई मुलाला वाईटच वाटते. आणि अत्याचार करणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, चॉकलेट देतो, मायेने जवळ घेतो. तो स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द बरे. त्याबरोबर शिश्न, वृषण, योनी, स्तन, गुदद्वार ही नावे हात, पाय, नाक यांच्यासारख्याच आवाजात सांगा. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कुठल्या अवयवाशी काय केले, यावर गुन्ह्याचे कलम ठरते. ‘काकांनी घाण केलं’ एवढेच शब्द जवळ असलेले मूल पोलिसांना काय सांगणार?

न्यायालयालाही शब्दाचे वजन कळते. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नये, त्याऐवजी ‘बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य’ अशा अर्थाचा शब्द वापरावा, असे सांगितले. पहिल्या शब्दात ते मनोरंजन वाटते, दुसऱ्यात गुन्हा दिसतो.

लिहिताना एक काळजी घ्या. मुलगा-मुलगी भेदाविषयी बोलताना ‘लिंगभाव’, ‘लिंगभेद’ लिहा. शरीरसंबंध, आकर्षण, प्रजनन यांविषयी ‘लैंगिक’. ‘लैंगिक समानता’ असे छापलेले अनेकदा दिसते, तिथे स्त्री-पुरुष समानता किंवा लिंगभाव समानता अभिप्रेत असते.

तुम्ही पत्राच्या शेवटी चिठ्ठ्यांच्या डब्याविषयी विचारले आहे : नाव न लिहिता टाकलेल्या चिठ्ठीत मुलांनी शिवी लिहिली तर? अनेक मुलांना या अवयवांची नावे शिव्यांतूनच माहीत झालेली असतात, दुसरा शब्द त्यांना कुणी दिलेलाच नसतो. तेव्हा चिठ्ठी फाडू नका, कुणी लिहिली ते शोधू नका. शिवीच्या जागी नीट शब्द घालून प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तर द्या.